चिलटाचे सात पट्टे

केळ्यांचा घड दोन दिवस जास्त राहिला की त्याच्याभोवती बारीक चिलटं घोंघावायला लागतात. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात, पाठ्यपुस्तकात त्यांना फळमाशी म्हणतात आणि आपण फडकं हलवून हाकलून देतो. या चिलटांच्या जिवावर आजवर निदान पाच वेळा नोबेल दिलं गेलंय (1933, 1946, 1995, 2011, 2017. मोजून पाहिलं). त्यातल्या 1995 च्या नोबेलमागची गोष्ट आज लिहितोय. गेले तीन वीकएंड हेच वाचत होतो, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

प्रश्न असा आहे. चिलटाचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. 25 अंश तापमान मिळालं तर साधारण एका दिवसात त्यातून अळी बाहेर पडते. तिला एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला शेपूट, मध्ये छातीचे तीन खंड आणि पोटाचे आठ. खालच्या बाजूला प्रत्येक खंडावर बारीक दातऱ्यांचा एक पट्टा असतो, त्याच्या आधाराने ती सरपटते. प्रत्येक पट्टा थोडा वेगळा. सवयीचा माणूस मायक्रोस्कोपखाली नुसता पट्टा बघून हा कितवा खंड ते सांगू शकतो.

आता अंड्यात सुरुवातीला केंद्रक एकच. ते दुभंगतं, मग ती दोन दुभंगतात, असं तेरा वेळा. तीन तासांत सुमारे सहा हजार केंद्रकं होतात आणि सगळ्यांत डीएनए तोच. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सहा हजार सर्व्हर, सगळ्यांवर एकच बायनरी, तसूभर फरक नाही. मग एकाला 'तू डोकं हो' आणि दुसऱ्याला 'तू शेपूट हो' हे सांगणारी कॉन्फिग फाइल येते कुठून? इथे डिप्लॉय करणारा अॅडमिन कुणी नाही. आई तर अंडं घालून उडून गेलेली असते.

(अॅडमिन नसतो, पण आई जाता जाता एक चिठ्ठी ठेवून जाते. त्याकडे येतोच.)

या प्रश्नावर जुन्या लोकांनी डोकं फोडलं नव्हतं असं अजिबात नाही. 1891 साली हान्स ड्रीश या जर्मन माणसाने सी अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री प्राण्याचा दोन पेशींचा गर्भ हलवून हलवून सुटा केला. त्याला वाटलं होतं दोन अर्ध्या अळ्या मिळतील. मिळाल्या दोन पूर्ण अळ्या, फक्त आकाराने लहान. कुठलंही यंत्र अर्धं तोडल्यावर असं वागत नाही, हे त्याला इतकं लागलं की पुढे तो जीवशास्त्र सोडून तत्त्वज्ञानाकडे वळला आणि सजीवांत काहीतरी खास जीवनशक्ती असते असं मांडत राहिला. असो.

मला या विषयात ओढलं ते अॅलन ट्युरिंगने. हो, तोच, आपला ट्युरिंग मशीनवाला. 1952 साली त्याचा एक पेपर आला, सजीवांना आकार कसा येतो याच्या रसायनाबद्दल. 'मॉर्फोजेन' म्हणजे आकार घडवणारं रसायन हा शब्द त्याचाच. कल्पना अशी, की दोन रसायनं घ्या. एक स्वतःचंच उत्पादन वाढवतं, दुसरं त्याला दाबतं. दुसरं जास्त वेगाने पसरतं. सुरुवातीला सगळीकडे सारखंच मिश्रण असलं तरी बारीकशी गडबड वाढत जाते आणि आपोआप ठिपके किंवा पट्टे उमटतात. दोन समीकरणं, आणि त्यातून झेब्रा! त्यासाठीचे हिशेब त्याने मँचेस्टरच्या कॉम्प्युटरवर केले. त्याच वर्षी समलिंगी संबंधांबद्दल ब्रिटिश कोर्टाने त्याला दोषी ठरवलं आणि 1954 मध्ये तो गेला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. या पेपरचं पुढे काय झालं ते त्याला कळलंच नाही.

दुसरा मनुष्य लुईस वोल्पर्ट. हा दक्षिण आफ्रिकेत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला, मातीच्या गुणधर्मांवर काम केलेला, आणि मग लंडनला येऊन जीवशास्त्रात घुसलेला. (ब्रँच बदलणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्याने 1960 च्या दशकाच्या शेवटी फ्रेंच झेंड्याची उपमा दिली. समजा पेशींची एक रांग आहे आणि एका टोकाकडून एक रसायन पसरतंय. टोकाजवळ ते दाट, लांब जाल तसं विरळ. प्रत्येक पेशीने फक्त आपल्यापाशी ते किती आहे तेवढं मोजायचं. एका पातळीच्या वर असेल तर निळी हो, मधे असेल तर पांढरी, खाली असेल तर लाल. झाला झेंडा. आपला तिरंगाही चालला असता, फक्त नव्वद अंशात फिरवावा लागला असता. 1970 मध्ये फ्रान्सिस क्रिकने, तोच डीएनएवाला, हिशेब करून दाखवला की गर्भाच्या आकाराच्या अंतरात नुसत्या पसरण्याने असा चढउतार काही तासांत तयार होऊ शकतो.

सगळं सुंदर, पण कागदावर. असं एकही रसायन कुणाच्या हातात नव्हतं.

हातात काही असलंच तर ते क्लाउस झांडर यांच्या. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे हे प्राध्यापक तुडतुड्यांच्या अंड्यांवर प्रयोग करत. तुडतुडे म्हणजे आपले शेतकरी ज्यांच्या नावाने बोटं मोडतात तेच. 1960 च्या सुमारास त्यांनी अंडी मधोमध आवळून दोन भाग केले, तर मधले खंड गायबच झाले. मागच्या टोकाचा द्रव पुढे ढकलला, तर शरीराचा नकाशा बदलला. त्यांचं म्हणणं होतं की अंड्याच्या दोन्ही टोकांकडून काहीतरी पसरत असावं आणि दोन्हींच्या प्रमाणावरून मधल्यांना आपली जागा कळत असावी. ते 'काहीतरी' म्हणजे काय हे शोधायला तुडतुडे उपयोगाचे नव्हते, कारण त्यांच्या जनुकशास्त्राचं कुणालाच फार माहीत नव्हतं. चिलटाचं मात्र माहीत होतं. 1910 पासून न्यूयॉर्कमध्ये थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांच्या पोरांनी दुधाच्या बाटल्यांत चिलटं वाढवून जनुकांचे नकाशे काढून ठेवले होते.

1977 मध्ये झांडर यांच्या संस्थेत एक बाई काम करत होत्या, क्रिस्टिआने न्युस्लाइन-फोलहार्ट. मूळच्या बायोकेमिस्ट, पीएचडी आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमवर. तो विषय कंटाळवाणा वाटला म्हणून बासेलला जाऊन चिलटांकडे वळल्या, तिथे त्यांची एरिक विशाउस या अमेरिकन पोराशी ओळख झाली. 1978 मध्ये दोघांना हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायोलॉजी लॅबोरेटरीत नोकरी मिळाली. दोघांत मिळून एक छोटी लॅब.

इथून पुढे त्यांनी जे केलं ते मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं. त्यांच्याकडे ट्युरिंगसारखी समीकरणं नव्हती. त्यांचा विचार साधारण असा होता: एखादा प्रोग्रॅम कसा चालतो हे माहीत नाही, सोर्स वाचता येत नाही, तर एकेक ओळ उडवा आणि तो कसा क्रॅश होतो ते बघा. क्रॅशच्या तऱ्हेवरून ती ओळ काय करत होती ते कळेल. आणि एकदोन ओळी उडवून थांबायचं नाही, शक्य तितक्या सगळ्या उडवायच्या.

नर चिलटांना साखरपाण्यातून जनुकं बिघडवणारं रसायन पाजायचं. मग त्यांच्या वंशाच्या वेगवेगळ्या ओळी वाढवायच्या, प्रत्येक ओळीत दोनतीन पिढ्या घरातल्या घरात लग्नं लावायची, म्हणजे बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच गर्भात येतात. (एकच प्रत बिघडली तर दुसरी सांभाळून घेते, हा निसर्गाचा रिडंडन्सीचा प्रकार.) मग अंड्यातून न निघालेल्या, मेलेल्या अळ्या वेचायच्या, पारदर्शक करायच्या आणि मायक्रोस्कोपखाली पट्टे बघायचे. अशा सुमारे 27 हजार ओळी त्यांनी वाढवल्या! त्यांचा मायक्रोस्कोप दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा होता. समोरासमोर बसून दोघं एकच मेलेली अळी बघत आणि हिच्यात काय बिघडलंय यावर वाद घालत. कोड रिव्ह्यू म्हणा हवं तर. हे कित्येक महिने चाललं. हिल्डेगार्ड क्लुडिंग या तंत्रज्ञ त्यांच्यासोबत होत्या, 1984 च्या सविस्तर पेपरवर त्यांचंही नाव आहे.

आता हे काम मॅनेजरला विकायचा प्रयत्न करून बघा. 'आम्ही 27 हजार वेळा काहीतरी बिघडवणार आणि बघणार.' अपेक्षित निष्कर्ष काय? माहीत नाही. हातात मुदतीचं कंत्राट, आणि त्या काळात बऱ्याच जणांना वाटायचं की गर्भाची वाढ इतकी गुंतागुंतीची आहे की एक जनुक काढलं तर नुसता चिखल होईल, त्यातून काही कळणार नाही.

चिखल झाला नाही. मेलेल्या अळ्या नीटनेटक्या मेल्या होत्या. काहींत मधले सलग खंड गायब, पुढचे-मागचे जागेवर. काहींत एकाआड एक खंड गायब. काहींत खंडांची संख्या बरोबर, पण प्रत्येक खंडाचा ठरावीक भाग नाही आणि उरलेला भाग आरशातल्यासारखा उलटा. 30 ऑक्टोबर 1980 च्या 'नेचर'मध्ये या तीन वर्गांतल्या 15 जनुकांची यादी आली. नावं पण काय एकेक! सम खंड गाळणारं ईव्हन-स्किप्ड, विषम गाळणारं ऑड-स्किप्ड, अळीवर सगळीकडे काटे उगवणारं हेजहॉग, म्हणजे काटेरी जाहा. सगळ्या शोधाअंती गर्भाचा नमुना ठरवणारी अशी जनुकं निघाली सुमारे 140. हजारो जनुकांच्या प्राण्यात आराखड्याचं मुख्य काम एवढ्यांवर. हा आकडा माणसाच्या आवाक्यातला होता, आणि माझ्या मते शोधाचं खरं वजन या आकड्यात आहे.

ते एकाआड एक खंडांचं प्रकरण तर विलक्षणच. अळीकडे कितीही वेळ बघा, दोन-दोन खंडांची जोडी अशी कुठे दिसत नाही. पण आराखडा आखताना गर्भ मधल्या एका टप्प्यावर जोड्यांत मोजतो. पूर्ण इमारतीत न दिसणारी परात बांधून काढून टाकावी, तसं.

1995 च्या नोबेलमध्ये या दोघांबरोबर तिसरे होते कॅलटेकचे एडवर्ड लुईस. त्यांनी कुठल्या खंडाला काय अवयव फुटायचा हे ठरवणारी जनुकं अभ्यासली आणि दोनऐवजी चार पंखांचं चिलट तयार करून दाखवलं. ती वेगळी पोस्ट होईल. एवढंच सांगतो, की त्या दुसऱ्या पंखांच्या जागी नेहमी जो छोटा तोल सांभाळणारा अवयव असतो, त्यावर एल. एस. शशिधर यांनी आपल्या पुण्याच्या आयसरमध्येही काम केलंय.

आता आईची चिठ्ठी.

न्युस्लाइन-फोलहार्ट 1981 मध्ये ट्युबिंगेनला गेल्या, विशाउस प्रिन्स्टनला. ट्युबिंगेनच्या गटाला एक विचित्र जनुक सापडलं, बायकॉइड. यात गर्भाचं स्वतःचं जनुक चांगलं असून भागत नाही. आईचं बिघडलेलं असेल, तर तिच्या सगळ्या अंड्यांतून डोकं आणि छाती नसलेल्या अळ्या होतात, पुढच्या टोकालाही शेपटासारखा भाग. 1986 मध्ये हान्स गेऑर्ग फ्रोनहोफर आणि न्युस्लाइन-फोलहार्ट यांनी चांगल्या अंड्याच्या पुढच्या टोकाचा थेंबभर द्रव सुईने काढून अशा अंड्यात टोचला. पुढे टोचला तर पुढे डोकं. मध्ये टोचला तर मध्ये डोकं!

झालं होतं असं, की आई बायकॉइडचा आरएनए अंड्याच्या पुढच्या टोकाला चिकटवून ठेवते. अंडं घातलं की तिथे त्याचं प्रथिन बनायला लागतं आणि मागे पसरतं, पसरता पसरता नष्टही होत जातं. चिलटाच्या अंड्यात पहिली तेरा विभाजनं होईपर्यंत पेशींच्या भिंतीच नसतात, सगळी केंद्रकं एकाच हॉलमध्ये असतात. त्यामुळे प्रथिन मोकळं फिरतं. जिन्यातून चढताना फोडणीच्या वासावरून स्वयंपाक चाललेलं घर किती मजले दूर आहे ते कळतं ना, तसं केंद्रकाला बायकॉइडच्या प्रमाणावरून आपण डोक्यापासून किती लांब ते कळतं. 1988 मध्ये वोल्फगांग ड्रीव्हरने प्रथिन रंगवून हा उतार डोळ्यांना दाखवला. दर शंभर मायक्रॉनला ते साधारण एक तृतीयांशावर येतं. मग त्याने आईला बायकॉइडच्या जास्त प्रती दिल्या, तर डोक्याची सीमा मागे सरकली. प्रती कमी केल्या, तर पुढे. वोल्पर्टचा झेंडा प्रत्यक्षात सापडला होता, आणि झांडर यांच्या पुढच्या टोकाच्या 'काहीतरी'ला नाव मिळालं होतं.

मग ट्युरिंगचं काय? इथे मी सरसावून बसलो होतो. कारण ईव्हन-स्किप्ड हे जनुक गर्भात कुठे चालू आहे ते रंगवून बघितलं, तर दिसतात सात पट्टे. एकसारखे, समान अंतरावर, झेब्र्यासारखे. बघितल्याबरोबर वाटतं, ही लाट आहे, दोन समीकरणं आणि एक लूप. त्या काळी अनेकांना तसंच वाटलं आणि तशी मॉडेल्सही लिहिली गेली.

प्रत्यक्षात लूप नाहीये. मायकेल लेव्हिन, स्टीफन स्मॉल वगैरेंनी 1990 च्या आसपास त्या जनुकाच्या शेजारचा डीएनए तुकड्या-तुकड्याने तपासला, तर दुसऱ्या पट्ट्यासाठी सुमारे 480 अक्षरांचा एक स्वतंत्र तुकडा निघाला. त्यावरची अट अशी: बायकॉइड असेल, आणि हंचबॅक असेल, आणि जायंट नसेल, आणि क्रुपेल नसेल, तर चालू. बस्स. हे बरोबर एकाच जागी जुळतं, दुसऱ्या पट्ट्यापाशी. पाचव्या पट्ट्याला वेगळा तुकडा, वेगळी अट. तिसरा आणि सातवा मिळून एक, चौथा आणि सहावा मिळून एक. सात पट्ट्यांसाठी असे पाच तुकडे. शाळेत असताना आपण सात वेळा प्रिंट लिहायचो आणि मास्तर वहीवर लाल शाईने 'लूप वापर' लिहायचे, तोच प्रकार. 1989 मध्ये मायकेल एकम यांनी 'नेचर'मध्ये यावर लिहिलं, तेव्हा शीर्षकातच हे पट्टे बेंगरूळपणे बनवलेत असं म्हटलं होतं.

मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कुठल्याही जुन्या बँकेचा कोड उघडलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. एक पट्टा बदलायचा तर बाकीचे न हलवता बदलता येतो. लूपमध्ये एक आकडा बदलला की सगळंच हलतं. बाकी ट्युरिंगचे चाहते निराश होऊ नका, उंदराच्या बोटांच्या आणि टाळूवरच्या वळ्यांच्या आखणीत त्याची यंत्रणा काम करते याचे चांगले पुरावे 2012 मध्ये आले.

माझ्या पिढीतल्या लोकांना खरा रस वाटावा असा भाग यानंतरचा आहे, कारण मोजमापं आली. 2007 मध्ये प्रिन्स्टनला थॉमस ग्रेगर, विशाउस, विल्यम बिआलेक आणि डेव्हिड टँक यांनी मोजलं, तर अंड्याच्या मध्यावर एका केंद्रकात बायकॉइडचे रेणू निघाले फक्त सातशेच्या आसपास. शेजारच्या केंद्रकात त्याहून दहा टक्के कमी. एवढ्या थोड्या रेणूंच्या ये-जा करण्यात गोंगाट इतका, की एका केंद्रकाने एकट्याने दहा टक्क्यांचा फरक खात्रीने ओळखायचा तर तासाच्या वर वेळ लागेल. गर्भाकडे मिनिटं असतात. तरी हंचबॅकची सीमा जिथे पडायची तिथेच पडते. शेजारी-शेजारी सरासरी काढत असावेत, असं त्यांनी सुचवलं. 2019 मध्ये याच परंपरेतल्या गटाने दाखवलं की बायकॉइडच्या खालच्या पायरीवरची चार जनुकं एकत्र वाचली, तर केंद्रकाला आपली जागा अंड्याच्या लांबीच्या एक टक्क्यापर्यंत कळू शकते. एक टक्का म्हणजे जवळजवळ एकाच केंद्रकाएवढं अंतर.

आणि हेजहॉग? त्याचा भाऊबंद आपल्यातही आहे, सॉनिक हेजहॉग, व्हिडिओ गेमवरून नाव पडलेला. आपल्या हाताला अंगठा कुठल्या बाजूला हे ठरवण्यात त्याचा हात असतो. हाच संदेश नको तिथे चालू राहिला की त्वचेचा एक कॅन्सर होतो, आणि तो संदेश बंद करणारं व्हिस्मोडेगिब हे औषध 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मेलेल्या अळ्यांच्या काट्यांपासून इथवर यायला तीस-बत्तीस वर्षं लागली.

एक गोष्ट राहिली. इतका गाजलेला हा बायकॉइड चिलटांच्या आणि त्यांच्या जवळच्या माश्यांच्या शाखेबाहेर सापडतच नाही. डासांत नाही, भुंगेऱ्यांत नाही, मधमाशीत नाही. एका जुन्या जनुकाची कॉपी-पेस्ट होऊन, त्यात बदल होत होत तो माश्यांच्या एका शाखेत बनला आणि सगळ्यात वरच्या खुर्चीत जाऊन बसला. खालची पट्ट्यांची बरीचशी यंत्रणा त्याच्या आधीपासूनची आहे. कायरोनोमस नावाची, डासासारखी दिसणारी पण न चावणारी एक माशी असते. 2015 मध्ये कळलं की तिच्यात डोक्याचं टोक ठरवायला 'पॅनिश' नावाचं पूर्ण वेगळंच जनुक आहे, बायकॉइडशी नातं नसलेलं. तिची आईसुद्धा त्याचा आरएनए अंड्याच्या पुढच्याच टोकाला ठेवते. तो बंद पाडला की डोकं येत नाही, समोरासमोर आरशातल्यासारखी दोन शेपटं येतात.